खानदेशचे ऊन आणि अर्धवाहकांचा अभ्यास

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी जे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेऊन प्रथम वर्षाच्या वर्गात दाखल होतात, त्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते, की बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील अखेरचे प्रकरण आता थोड्या विस्ताराने शिकावयाचे आहे, एवढाच काय तो फरक. पहिले काही आठवडे ही समजूत टिकते. पुढे ट्रान्झिस्टरच्या बायसिंगचे प्रकरण सुरू होते, एकेका पानावर दोन-दोन, तीन-तीन सर्किटे दिसू लागतात, प्रत्येकाचे सूत्र निराळे आणि प्रत्येक सूत्राच्या अटी निराळ्या; आणि या सूत्रांचा परस्परांशी काय संबंध आहे हे न उमगल्यामुळे विद्यार्थी पाठांतराची जुनी वाट धरतो. ही वाट त्याला परीक्षेच्या दालनापर्यंत कशीबशी पोहोचवते, परंतु पुढच्या सत्रातील विवर्धक आणि ऑसिलेटर समोर आले म्हणजे ती निकामी ठरते.

पाठांतराच्या जागी एखादा असा धागा हाती असावा, की ज्याच्या आधाराने पदार्थापासून उपकरणापर्यंत आणि उपकरणापासून सर्किटापर्यंत सलग चालत जाता यावे, ही विद्यार्थ्याची खरी गरज असते. आमच्या मते तो धागा उष्णता हा आहे. अर्धवाहकांत विद्युत्‌वाहक कण मोकळे होतात ते उष्णतेने, डायोडचे व्होल्टेज सरकते ते उष्णतेने, ट्रान्झिस्टरच्या सर्किटात एमिटरला रेझिस्टर जोडावा लागतो तो मुख्यतः उष्णतेच्या धाकाने, आणि चांगले चाललेले यंत्र अकस्मात बंद पडते तेही बहुधा उष्णतेनेच. ज्या प्रांतात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि जानेवारीच्या पहाटे धुळ्याकडे तो दहा अंशांच्याही खाली उतरतो, त्या प्रांतातील विद्यार्थ्याला हा धागा पुस्तकात शोधण्याची तसदीदेखील घ्यावी लागत नाही.

पदार्थाची ओळख

तांब्याची तार तापली म्हणजे तिचा रोध वाढतो, परंतु शुद्ध सिलिकॉनचा तुकडा तापला म्हणजे त्याचा रोध झपाट्याने घटतो; या एका विरोधाचे कारण ज्याला नीट सांगता येईल, त्याला पहिल्या प्रकरणाचा निम्मा भाग समजला असे खुशाल मानावे. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच भरपूर असतात. उष्णतेने त्यांची संख्या वाढत नाही, केवळ त्यांच्या मार्गातील अडथळे वाढतात. सिलिकॉनमध्ये मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन बंधात गुंतलेला असतो आणि त्याला मोकळे करण्यासाठी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा द्यावी लागते. सामान्य तापमानाला ही ऊर्जा फारच थोड्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येते: एका घन सेंटिमीटरात सुमारे ५ × १०^२२ अणू, आणि मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे १.५ × १०^१०. म्हणजे तीन लक्ष कोटी अणूंमागे एक. अशा पदार्थात एक कोटी अणूंमागे केवळ एक अणू फॉस्फरसचा मिसळला, तर वाहकांची संख्या तीन लक्ष पटींहून अधिक वाढते. हे गुणोत्तर विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावे, म्हणजे अशुद्धी मिसळण्याच्या क्रियेला या शास्त्रात एवढे महत्त्व का, याचा खुलासा आपोआप होतो.

या विषयाचा थोडा इतिहासही जवळ असावा, कारण त्यातही उष्णतेचाच मामला आहे. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले. बार्डीन आणि ब्रॅटन यांनी बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जो पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तो जर्मेनियमचा होता. आणि १९५४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करावयास केवळ ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, त्यामुळे थोड्या उष्णतेनेही त्यातील गळती करंट बेसुमार वाढतो, आणि ८०-९० अंशांच्या पलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही. सिलिकॉनची उपकरणे १५० अंशांपर्यंत तग धरतात. आज अभ्यासक्रमात जर्मेनियमचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता उरला आहे, त्याचे प्रमुख कारण हेच होय.

या प्रकरणाच्या शेवटी विद्यार्थ्याने चार आकडे कायमचे लक्षात ठेवावेत, कारण पुढील सर्व हिशेब त्यांच्यावर चालतात. सिलिकॉनच्या जोडावर वाहत्या अवस्थेत पडणारे व्होल्टेज सुमारे ०.७ व्होल्ट, करंट कायम ठेवल्यास ते दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते, उलट दिशेचा गळती करंट दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि सामान्य तापमानाला ज्यास औष्णिक व्होल्टेज म्हणतात ते सुमारे २६ मिलिव्होल्ट असते. बाकीची सूत्रे विस्मरणात गेली तरी ती पुन्हा उभी करता येतात.

डायोड: मोजमापाचा पहिला धडा

डायोडचा वक्र फलकावरून वहीत उतरवून घेतल्याने डायोड कळत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो, जो कोणत्याही वसतिगृहाच्या खोलीत करता येईल. १एन४००७ हा डायोड आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर एकसरीत जोडून त्यांना १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा द्यावा, म्हणजे डायोडमधून सुमारे १.१ मिलिअँपिअर करंट वाहील. डायोडला तापमापीचा फुगा टेकवून ठेवावा, सर्व मांडणी सावलीत ठेवावी, आणि एप्रिल महिन्यात पहाटे, दहा वाजता, तिसऱ्या प्रहरी आणि रात्री डायोडवरील व्होल्टेज व तापमान यांची नोंद करावी. पहाटे २६ अंश आणि दुपारी ४२ अंश असा फरक मिळाला, तर व्होल्टेज सुमारे ३२ मिलिव्होल्टने उतरलेले दिसेल. उन्हात मांडणी ठेवून उपयोग नाही, कारण डायोडचे काळे आवरण हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते आणि तापमापी एक सांगते व डायोड दुसरेच, अशी विसंगती उत्पन्न होते. साध्या डिजिटल मल्टिमीटरच्या डायोड चाचणीच्या खुणेवरही हा फरक दिसतो. परंतु करंट आपण स्वतः ठरवलेला असला म्हणजे निष्कर्ष निःशंक काढता येतो.

डायोडनंतर एकदिशकारकाचे, म्हणजे रेक्टिफायरचे प्रकरण येते. येथे सूत्रांची वाण नाही, वाण असते ती अंदाजाची. समजा, १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ब्रिज रेक्टिफायर जोडला. बारा हे मूल्य वर्गमध्यमूळ असल्याने शिखर सुमारे १७ व्होल्टचे. त्यातून एका वेळी वाहणाऱ्या दोन डायोडांचे १.४ व्होल्ट वजा जाता १५.६ उरले. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० मिलिअँपिअरचा भार असता, दोन शिखरांमधील एक शतांश सेकंदात कपॅसिटरचे व्होल्टेज किती उतरेल? करंट गुणिले काळ भागिले धारिता: एक व्होल्ट. एवढा हिशेब मनातल्या मनात करता आला, की पुस्तकातील रिपलचे सूत्र आपलेसे झाले.

येथवर हिशेब २३० व्होल्ट गृहीत धरून झाला. पण ज्याने आडगावात रात्रीच्या पाळीची शेतीची वीज पाहिली आहे, त्याला हे गृहीत किती सैल आहे हे सांगावयास नको. पंप सुरू झाले आणि डीपीवर ताण आला म्हणजे घरात १८० व्होल्टही येतात. मग १२ चे ९.४ होतात, शिखर १३.३ वर येते, आणि डायोडांचा वाटा जाता कपॅसिटरवर ११.९ उरतात. या व्होल्टेजवर ५ व्होल्ट देणारा ७८०५ सुखाने चालेल. १२ व्होल्ट देणारा ७८१२ मात्र चालणार नाही, कारण त्याला आत सुमारे १४ ते १४.५ व्होल्ट तरी हवेत. परीक्षेतील उदाहरण सोडवून झाल्यावर त्याच उदाहरणात २३० च्या जागी १८० आणि २५० घालून पुन्हा हिशेब करावा, अशी आमची शिफारस आहे. एका उदाहरणातून तीन शिकावयास मिळतात.

रेक्टिफायर हे केवळ मोबाईलच्या चार्जरमधील चार डायोडांचे प्रकरण आहे, अशी समजूत कोणाची असेल, तर त्याने भुसावळचे स्मरण ठेवावे. मुंबईकडून इगतपुरीमार्गे भुसावळला येणाऱ्या मार्गावरील तारांत २५ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो, आणि जुन्या पिढीच्या विद्युत इंजिनांत तो ट्रान्सफॉर्मरने उतरवून सिलिकॉनच्या डायोडांनी एकदिश केला जातो व मग चाकांच्या मोटरींना दिला जातो. तत्त्व तेच, जे ब्रेडबोर्डवर मांडले, फरक प्रमाणाचा. आणि त्या डायोडांना गार ठेवण्यासाठी इंजिनात स्वतंत्र पंखे बसवलेले असतात, ही गोष्ट आपल्या धाग्याशी थेट जुळते.

ट्रान्झिस्टर आणि बायसचा प्रश्न

या विषयातील खरी कसोटी ट्रान्झिस्टरपाशी लागते. धुळे आणि साक्री तालुक्यांत पांझरेच्या बंधाऱ्यांवर जी जुनी फड पद्धती आहे, तीत पाटकरी पाटाच्या तोंडाशी थोडी हालचाल करतो आणि तेवढ्याने सबंध फडाला मिळणाऱ्या पाण्याचे मान बदलते. बेसचा अल्पसा करंट कलेक्टरच्या मोठ्या करंटचे नियमन करतो, ते याच अर्थाने. पाणी बंधाऱ्यातून येते, पाटकऱ्याच्या हातातून येत नाही. तसेच विवर्धित संकेताची शक्ती पुरवठ्यातून येते, ट्रान्झिस्टरमधून उत्पन्न होत नाही, हे ध्यानात ठेवावे म्हणजे ट्रान्झिस्टर शक्ती निर्माण करतो हा भ्रम जडत नाही.

कोणतेही ट्रान्झिस्टरचे सर्किट पुढे आले, की त्याला दोनच प्रश्न विचारावेत, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. संकेत नसताना, विश्रामावस्थेत, प्रत्येक टोकावर किती व्होल्टेज आहे आणि किती करंट वाहत आहे, हा पहिला. या अवस्थेभोवती लहानसा संकेत हलवला असता बाहेर काय येते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये. पहिल्या प्रश्नासाठी सर्व कपॅसिटर तुटलेले समजावेत, दुसऱ्यासाठी ते जोडलेल्या तारा समजावेत. ही शिस्त अंगी बाणली, म्हणजे बायसिंगचे सारे प्रकार एकाच पद्धतीने सुटतात.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा पुरवठा, आणि कलेक्टरला ३.९ किलोओहम. फिक्स्ड बायसच्या पद्धतीने बेसला पुरवठ्यापासून १.५ मेगओहमचा एकच रेझिस्टर जोडला, तर बेसचा करंट (१२ − ०.७) भागिले १.५ मेगओहम, म्हणजे सुमारे ७.५ मायक्रोअँपिअर. ट्रान्झिस्टरचा बीटा, म्हणजे कलेक्टरच्या करंटचे बेसच्या करंटशी गुणोत्तर, २०० असेल, तर कलेक्टरचा करंट १.५ मिलिअँपिअर आणि कलेक्टरवर सुमारे ६.१ व्होल्ट: अगदी मध्यावर, हवे तसे. परंतु बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये बीटा ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकतो असे नमूद असते. पाकिटातील दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बीटा ४०० निघाला, तर करंट ३ मिलिअँपिअरवर जातो, रेझिस्टरवर पावणेबारा व्होल्ट पडतात आणि ट्रान्झिस्टर संपृक्त होऊन बसतो, विवर्धन संपले. सर्किट तेच, रेझिस्टर तेच, केवळ ट्रान्झिस्टर बदलला. त्यातच उष्णतेने बीटा आणखी वाढतो.

याच ट्रान्झिस्टरला व्होल्टेज डिव्हायडर बायस द्यावा: वर ४७ किलोओहम, खाली १० किलोओहम, एमिटरला १ किलोओहम, कलेक्टरला पूर्वीचेच ३.९. बेसवर १२ च्या ५७ भागांपैकी १० भाग, म्हणजे २.१ व्होल्ट; एमिटरवर १.४, एमिटरचा करंट १.४ मिलिअँपिअर, कलेक्टरवर ६.५ व्होल्ट. या हिशेबात बीटा कोठेच आला नाही, हीच या सर्किटाची खुबी. बेसने ओढलेला करंट जमेस धरून बारकाईने गणित केले, तरी बीटा १०० असो की ४००, एमिटरचा करंट १.३ आणि १.४ यांच्या दरम्यानच राहतो. आता तापमान २० अंशांनी वाढवा. बेस-एमिटरचे व्होल्टेज ४० मिलिव्होल्टने घटेल, तेवढेच एमिटरवर वाढेल, करंट १.४४ होईल आणि कलेक्टर ६.५ वरून ६.३५ च्या आसपास येईल. जानेवारीपासून मेपर्यंत सर्किट आपल्या जागी राहते.

या स्थैर्याची किंमत मात्र मोजावी लागते. एमिटरचा रेझिस्टर तापमानाच्या हालचालीला जसा विरोध करतो, तसा तो संकेतालाही करतो, आणि व्होल्टेज गेन केवळ ३.८ च्या आसपास उरतो. त्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की संकेतापुरता तो रेझिस्टर नाहीसा होतो. एमिटरचा अंगचा रोध २६ भागिले १.४, म्हणजे सुमारे १९ ओहम, आणि बाहेर भार नसता गेन २०० च्या घरात जातो. रेझिस्टर मंद हालचालीसाठी, कपॅसिटर जलद हालचालीसाठी, अशी ही वाटणी आहे. विद्यार्थ्याने ही दोन्ही सर्किटे शेजारी शेजारी ब्रेडबोर्डवर मांडावीत, कलेक्टरवर मल्टिमीटर लावावा, आणि तापलेले सोल्डरिंग आयर्न ट्रान्झिस्टरला न टेकवता त्याच्या जवळ धरावे. पहिल्या सर्किटात कलेक्टरचे व्होल्टेज डोळ्यांदेखत उतरू लागेल. दुसऱ्यात ते अगदी थोडे सरकेल. बायस स्थिर का करावा, या प्रश्नाचे पाच गुणांचे उत्तर या काही मिनिटांत कायमचे मनात ठसते.

उष्णतेचा जमाखर्च

उपकरणाच्या पोटात किती शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते आणि ती उष्णता बाहेर कोणत्या वाटेने जाते, याचा जमाखर्च प्रथम वर्षाच्या वर्गात बहुधा घाईने उरकला जातो. वस्तुतः तो इतका सोपा आहे, की त्यास एका गुणाकाराहून अधिक काही लागत नाही. ७८०५ ला १५ व्होल्ट दिले, त्याने ५ दिले, आणि भार १०० मिलिअँपिअरचा असला, तर मधले १० व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर, म्हणजे एक वॅट त्याच्या अंगात जिरतो. हीट सिंक नसता या आवरणाचे तापमान-रोधाचे मूल्य दर वॅटला सुमारे ६५ अंश असते. म्हणून आतील जोड भोवतालच्या हवेपेक्षा ६५ अंशांनी अधिक तापतो. पुस्तकात भोवतालची हवा २५ अंशांची धरलेली असते. जोड ९० अंशांवर, मर्यादा १२५ ची, ३५ अंशांचा अवकाश. हेच यंत्र मे महिन्यात जळगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले आणि आतील हवा ४५ अंशांची झाली, म्हणजे जोड ११० वर पोहोचतो आणि अवकाश केवळ १५ अंशांचा उरतो. भार आणखी २५ मिलिअँपिअरने वाढला, की तोही संपला. डेटाशीटवरील आकडा २५ अंशांचा आहे, हे न विसरणे हाच येथील मुख्य उपदेश. बीसी ५४७ ची २५ अंशांना सांगितलेली ५०० मिलिवॅटची मर्यादा दर अंशाला ४ मिलिवॅटने घटते, म्हणजे ४५ अंशांना ती ४२० वर येते.

हीच गोष्ट संगणकावर सर्किट चालवून पाहणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. बर्कली विद्यापीठात सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या स्पाइस या प्रणालीचे आणि तिच्यापासून निघालेल्या एलटीस्पाइससारख्या विनामूल्य साधनांचे मूळ तापमान, दुसरे काही न सांगितल्यास, २७ अंश असते. तापमान १०, २७ आणि ४७ असे बदलून तीन वेळा सर्किट चालवावे आणि तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत.

सौर पटल हाही अखेर एक विस्तीर्ण डायोडच आहे, आणि त्याचे व्होल्टेजही उन्हाने उतरते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला; आता शेताशेतांतून सौर पंपांची पटले दिसू लागली आहेत. स्फटिकी सिलिकॉनच्या पटलाची शक्ती २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने घटते, आणि भर दुपारी पटलाचे स्वतःचे तापमान ६५ अंशांवर सहज जाते. म्हणजे सोळा टक्के शक्ती उष्णतेतच गेली. कडक उन्हात पंप जास्तीत जास्त पाणी का देत नाही, असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले, तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याचे अर्धेअधिक उत्तर देता आले पाहिजे.

ग्रंथ, वही आणि भाषा

ग्रंथांच्या बाबतीत लोभ धरू नये. व्ही. के. मेहता यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ भाषेने सुलभ असून आरंभाला योग्य आहे, सर्किटांचा विचार कसा करावा हे माल्विनो यांच्या ‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’मध्ये उत्तम सापडते, उदाहरणांच्या विपुलतेसाठी बॉयल्स्टॅड आणि नॅशेल्स्की, आणि अधिक खोलात उतरू पाहणाऱ्यांसाठी मिलमन व हालकियास. यांपैकी एक मुख्य म्हणून अथपासून इतीपर्यंत वाचावे, दुसरे केवळ उदाहरणांसाठी ग्रंथालयातून आणावे. चार पुस्तकांची पहिली तीन प्रकरणे वाचण्यापेक्षा एका पुस्तकाची दहा प्रकरणे वाचणे हितावह. आणि डेटाशीट हा या शास्त्रातील मूळ दस्तऐवज आहे. बीसी ५४७ आणि १एन४००७ यांच्या डेटाशीट छापून घेऊन ओळ न् ओळ समजून घ्याव्यात.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद जतन केलेले आहेत. आधी अस्सल कागद, मग त्यावरून अनुमान, हा त्यांच्या कार्याचा दंडक प्रयोगशाळेतही तितकाच लागू पडतो. सर्किट जोडण्यापूर्वी अपेक्षित व्होल्टेजे वहीत शाईने लिहावीत. जोडल्यावर मोजलेली त्यांच्या शेजारी लिहावीत. तफावत दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर तिचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. रेझिस्टर स्वतःच पाच टक्क्यांचा असतो, तेव्हा त्याहून लहान तफावतीचा बाऊ करू नये. आणि अपेक्षेशी जुळावे म्हणून वाचने सुधारून लिहिण्याची जी प्रथा प्रयोगवह्यांत रूढ आहे, ती ज्ञानाचा घात करणारी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. न जुळणारे वाचन हाच बहुधा त्या तासाचा खरा लाभ असतो.

साहित्याचा खर्च फारसा नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी एक मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, काही डायोड, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर चौकशी करून घ्यावेत. दोघातिघा मित्रांनी मिळून घेतल्यास भार आणखी हलका होतो. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू पूर्ण झाकलेली असावी, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या खुणा दोनदा पाहून मगच पुरवठा द्यावा, आणि बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर हा क्रम आहे, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे. सर्किट न चालण्याची निम्मी कारणे या तीन वाक्यांत आली.

भाषेची अडचण खानदेशातील विद्यार्थ्याला विशेष जाणवते, कारण पुष्कळांचे शालेय शिक्षण मराठीत झालेले असते, घरात अहिराणी किंवा लेवा बोली चालते, आणि पुस्तक मात्र इंग्रजी असते. त्याचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवावेत, कारण बाजारात आणि कारखान्यात तेच चालतात. परंतु कारणमीमांसा आपल्या बोलीत करावी. एमिटरचा रेझिस्टर का लागतो हे ज्याला आपल्या धाकट्या भावाला अहिराणीत समजावून सांगता येते, त्याला तो विषय समजला. मग उत्तरपत्रिकेत तेच इंग्रजीत लिहिणे हे केवळ सरावाचे काम उरते. उत्तर लिहिताना आधी सर्किटाची आकृती, मग विश्रामावस्थेचा हिशेब, मग संकेताचा, आणि शेवटी उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही याची एका ओळीत रुजवात, हा क्रम पाळावा. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर कलेक्टरला १८ व्होल्ट आले, तर परीक्षकाच्या आधी आपल्यालाच ते खटकले पाहिजे.

१९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आता ते बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. या विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्यांना पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांचा हेवा वाटणे स्वाभाविक असले, तरी प्रारंभिक अभ्यासापुरती त्यांची उणीव भासण्याचे कारण नाही. सौर पंपाचा नियंत्रक, भुसावळच्या इंजिनातील रेक्टिफायर, डाळमिलमधील मोटरीचा पॅनेल, घरातील इन्व्हर्टर, या सर्वांना ४५ अंशांत चालावे लागते, आणि ती चालती ठेवणारी माणसे येथेच लागणार आहेत. म्हणून या उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक तापमापी मिळवावी, वहीचे पहिले पान आखावे आणि पहाटेचे पहिले वाचन घ्यावे. पुस्तकातील पुढची प्रकरणे त्यानंतर उघडावीत.